डब्ल्यूएक्स पायथन ४.२ चा रिव्ह्यू: बटणाला नंबर कुणी द्यायचा?

गेले दोन काजूचे सीझन मी डब्ल्यूएक्स पायथन, म्हणजे पायथनमधे खिडक्या-बटणांचे प्रोग्राम लिहायचं टूलकिट, वापरतोय, म्हापशातल्या एका काजूच्या होलसेल दुकानाचा बिलिंग आणि स्टॉकचा प्रोग्राम माझ्याकडे आहे आणि तो याच्यावरच चालतो. अख्ख्या टूलकिटचा रिव्ह्यू लिहायला बसलो तर पावसाळा संपेल पण लिहून होणार नाही, म्हणून एकाच गोष्टीवर लिहितो, विजेटचे आयडी. मराठीत यावर मला काही सापडलं नाही आणि याच एका गोष्टीपायी माझे एप्रिलमधले अकरा दिवस गेले, ते सुद्धा ऐन सीझनमधे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. खिडकीतल्या प्रत्येक वस्तूला (यालाच विजेट म्हणतात), मग ते बटण असो, टेक्स्टबॉक्स असो की मेनूतली एक ओळ असो, एक पूर्णांक चिकटलेला असतो. बटण दाबलं की जो इव्हेंट, म्हणजे 'असं घडलं' हा निरोप, निघतो तो हा नंबर घेऊन निघतो, आधी बटणाकडे जातो, तिथून पॅनेलकडे, तिथून वर फ्रेमकडे म्हणजे मुख्य खिडकीकडे, आणि वाटेत ज्याने कुणी 'या नंबरचा बटण-इव्हेंट आला तर मला हाक मार' असं सांगून ठेवलंय त्याचा कोड, म्हणजे हँडलर, चालतो. एवढंच आहे. आता हा नंबर कोण देणार, तुम्ही की टूलकिट, आणि दोघांना एकच नंबर मिळाला तर काय, हा सगळा प्रश्न.

दुकानातला प्रोग्राम मी लिहिलेला नाही. आधी कुणीतरी पायथन २.७ मधे लिहिला होता, जुन्या डब्ल्यूएक्सवर, नंतर आणखी एकाने त्यात टॅब वाढवले, मग तो माझ्याकडे आला. पहिल्या माणसाने फाइलीच्या डोक्यावर नंबर हाताने लिहून ठेवले होते, १०० पासून ११८ पर्यंत, बहुतेक मेनूच्या ओळींचे, आणि मधे एकच बटण, १०४, 'माल गेला'. हे दाबलं की समोरच्या बिलातला माल स्टॉकमधून वजा होतो. दुसऱ्या माणसाने नवीन टॅब करताना हाताने नंबर दिले नाहीत, त्याने 'न्यूआयडी' हे फंक्शन वापरलं, जे मागितलं की पुढचा नंबर देतं. दोघांचंही काम आपापल्या जागी व्यवस्थित होतं.

आणि मग एक दिवस काकांचा फोन. (दुकानाचे मालक, वयाने मोठे, मी काकाच म्हणतो.) "अरे, तुझा कॉम्प्युटर सांगतोय डब्ल्यू २४० चे दोन डबे कमी आहेत, आणि डबे तर माझ्या डोळ्यासमोर आहेत रे." (डब्ल्यू २४० ही काजूची एक ग्रेड.) मी गेलो, बघितलं, कोड वाचला, काही सापडेना. दुसऱ्या दिवशी सगळं बरोबर. तिसऱ्या दिवशी परत तीन डबे गायब, ते सुद्धा फक्त स्क्रीनवर. मी डेटाबेसवर संशय घेतला, प्रिंटरवर घेतला, एकदा तर बिलिंगला बसणाऱ्या वहिनींवर घेतला, त्याबद्दल मी त्यांची माफी मागितली आहे आणि इथे परत मागतो, कारण शेवटी धागा त्यांनीच दिला. त्या म्हणाल्या, "ज्या दिवशी सकाळी सकाळी परतीचा माल येतो ना, त्याच दिवशी हा घोळ होतो, बघ तू."

आणि बघितलं तर खरंच. तेव्हा प्रोग्राम रोज सकाळी नव्याने सुरू व्हायचा, आणि टॅब पहिल्यांदा उघडला की मग त्याची बटणं तयार व्हायची, आधी नाही. 'परत माल' टॅबमधे तीन बटणं, 'जुनं बिल' टॅबमधे चार, 'वजन' मधे दोन. आणि 'न्यूआयडी' ची मोजणी कुठून सुरू होते माहितीये? १०० पासून! म्हणजे सकाळी परतीचा माल आला, वहिनींनी आधी तो टॅब उघडला, त्याच्या तीन बटणांना १००, १०१, १०२ मिळाले, मग 'जुनं बिल' उघडलं, त्याच्या पहिल्या बटणाला १०३ आणि दुसऱ्याला, म्हणजे 'परत प्रिंट' ला, १०४. 'माल गेला' चा १०४. आता 'परत प्रिंट' दाबलं की त्याचं स्वतःचं हँडलर चालायचं, पावती छापायची, पण त्या हँडलरच्या शेवटी 'स्किप' लिहिलेलं होतं, म्हणजे 'माझं झालं, इव्हेंट पुढे जाऊ दे', म्हणून इव्हेंट वर फ्रेमपर्यंत जायचा आणि फ्रेम म्हणायची, १०४ आला, माल गेला. एक पावती परत छापली की स्टॉकमधून माल दुसऱ्यांदा वजा. ज्या दिवशी 'जुनं बिल' आधी उघडलं त्या दिवशी 'परत प्रिंट' ला १०१ मिळायचा, तो नंबर मेनूच्या ओळीचा, आणि मेनूचा इव्हेंट वेगळा, बटणाचा वेगळा, त्यामुळे काहीच व्हायचं नाही. अशा दिवशी १०४ 'वजन' च्या पहिल्या बटणाला जायचा पण तिथल्या हँडलरमधे 'स्किप' नव्हतं, म्हणून तो वाचला. मी दोन्ही बटणांचे 'गेटआयडी', म्हणजे त्यांना मिळालेले नंबर, प्रिंट करून बघितले, स्क्रीनवर एकाखाली एक १०४, १०४, आणि खुर्चीतच मागे टेकून बसलो.

हे सगळं एवढं सविस्तर सांगतोय कारण डब्ल्यूएक्स विजेट्सच्या (डब्ल्यूएक्स पायथन ज्याच्यावर उभं आहे ते मूळ सी प्लस प्लसचं टूलकिट) डॉक्युमेंटेशनमधे 'न्यूआयडी' समोर स्पष्ट लिहिलेलं आहे की हे फंक्शन आता वापरू नका, याने दिलेले नंबर तुमच्या हाताने दिलेल्या नंबरांवर आदळू शकतात. ती एक ओळ. इंटरनेटवरचे जुने ट्युटोरियल मात्र अजूनही तेच शिकवतात, आणि शिकणारी पोरं तिथूनच कॉपी करतात.

हे नंबरांचं प्रकरण आलं कुठून तेही सांगतो, कारण ते कळल्यावर माझा अर्धा राग गेला. डब्ल्यूएक्स विजेट्स १९९२ मधे ज्युलियन स्मार्ट यांनी एडिंबरा युनिव्हर्सिटीत सुरू केलं, नावातला डब्ल्यू विंडोजचा आणि एक्स युनिक्सवरच्या एक्स विंडो सिस्टीमचा. विंडोजमधे बटण दाबलं की खिडकीला जो मेसेज येतो त्यात कंट्रोलचा नंबर १६ बिटांच्या जागेत कोंबलेला असतो, ओके चा १, कॅन्सलचा २, हे विंडोजने आधीच ठरवून ठेवलेलं. डब्ल्यूएक्स त्याच्यावरच बसलेलं असल्यामुळे नंबर त्याच्याही रक्तात आले, आणि म्हणूनच आज सुद्धा हाताने नंबर द्यायचाच असेल तर ३२,७६७ च्या वर जाता येत नाही. म्हणजे नंबर ही कुणाची हौस नव्हती, खालच्या जमिनीचाच उतार तसा होता.

आता ४.२ मधे काय आहे आणि मला ते का आवडलं.

पहिलं म्हणजे 'आयडी_एनी'. याची किंमत -१, अर्थ एवढाच की मला फरक पडत नाही, तू दे. टूलकिट मग विंडोजवर -३२,००० ते -२,००० या पट्ट्यातला एक मोकळा नंबर देतं (प्रिंट करून बघा, -३१,९९० असला काहीतरी विचित्र आकडा दिसेल, घाबरू नका), आणि मुख्य म्हणजे हा पट्टा ऋण आहे, आपण हाताने देतो ते नंबर धन, त्यामुळे माझ्या १०४ सारखी टक्कर होतच नाही. विजेट नष्ट झालं की त्याचा नंबर परत पेटीत जातो. ही परत जायची व्यवस्था फार महत्त्वाची आहे. आमच्या बिलात प्रत्येक ओळीला सहा विजेट लागतात, ग्रेड, डबे, वजन, दर, रक्कम आणि काढून टाकायचं बटण. वीस ओळींचं बिल म्हणजे १२० नंबर. पट्टा सगळा मिळून ३०,००१ नंबरांचा, म्हणजे अडीचशे बिलांत संपला असता, आणि आता सीझनमधे प्रोग्राम आठवडाभर बंद होत नाही. परत मिळतात म्हणून चालतंय.

दुसरं, 'बाइंड', म्हणजे इव्हेंटला हँडलर जोडणं, थेट बटणावरच करता येतं. नंबर नको, वरून वाट बघणं नको, बटणालाच सांगायचं, तू दाबला गेलास की हे फंक्शन. आता इथे एक बारीक गोष्ट आहे जी मला दोन वर्षांपूर्वी कुणी सांगितली असती तर बरं झालं असतं. 'बाइंड' दोन प्रकारे लिहितात, एक बटणावर, आणि एक फ्रेमवर, ज्यात बटण तिसऱ्या जागी सोर्स म्हणून देतात. दिसायला दोन्ही सारखेच वाटतात, आपल्याला वाटतं दुसऱ्यात पण बटणच ओळखलं जातंय. तसं नाही. दुसऱ्या प्रकारात आत गुपचूप त्या बटणाचा 'गेटआयडी' घेतला जातो आणि ओळख नंबरावरूनच पटवली जाते. म्हणजे दोन बटणांचा नंबर एक असेल तर सोर्स देऊन सुद्धा तुम्ही सुटत नाही. मी आता सगळीकडे बटणावरच करतो, आणि 'स्किप' लिहिण्याआधी दोनदा विचार करतो.

तिसरं, आणि यासाठी मी खरंच याच्या प्रेमात आहे, स्टॉक आयडी, म्हणजे टूलकिटने आधीच ठरवून ठेवलेले तयार आयडी (दुकानातल्या मालाच्या स्टॉकशी याचा संबंध नाही). ४,९९९ ते ५,९९९ हा पट्टा टूलकिटने स्वतःसाठी राखून ठेवलाय आणि त्यात ओळखीच्या कामांचे नंबर आहेत, उघडा ५,०००, सेव्ह ५,००३, ओके ५,१००, कॅन्सल ५,१०१ वगैरे. हे नंबर नुसते नंबर नाहीत, त्यांना अर्थ आहे. हे समजावताना मी काकांना त्यांच्याच भाषेत सांगितलं होतं. काजूगराची ग्रेड डब्ल्यू २४० म्हणजे एका पाउंडात साधारण २४० गर, डब्ल्यू ३२० म्हणजे ३२०, आकडा लहान तेवढा गर मोठा, तो आकडा म्हापशात वाचा नाहीतर मंगळुरात, अर्थ तोच. आणि गोदामातल्या डब्यावर खडूने लिहिलेला ७ नंबर, तो फक्त ज्याने लिहिला त्यालाच कळतो. स्टॉक आयडी हे ग्रेडसारखे, आमच्या प्रोग्राममधला १०४ हा खडूचा. काका म्हणाले, "मग तू खडूने कशाला लिहितोस?" उत्तर नव्हतं माझ्याकडे.

तर डायलॉगमधल्या, म्हणजे मधेच उघडणाऱ्या छोट्या खिडकीतल्या, बटणाला 'आयडी_ओके' दिला आणि ते डिफॉल्ट ठेवलं की एंटरने तेच दाबलं जातं, आधी व्हॅलिडेटर भरलेली माहिती तपासतात, बरोबर असेल तरच डायलॉग बंद होतो. 'आयडी_कॅन्सल' दिला की एस्केपने डायलॉग बंद. हँडलरची एकही ओळ लिहावी लागत नाही. वहिनी माऊसला हातच लावत नाहीत, एका हातात वजनाची चिठ्ठी, दुसरा हात कीबोर्डवर, आणि जुन्या प्रोग्राममधे कॅन्सलच्या बटणाला असाच कुठलातरी नंबर होता म्हणून एस्केप चालायचंच नाही, दर वेळी माऊस शोधा, क्लिक करा. नवीन आल्यावर त्यांनी पहिल्यांदा एस्केप दाबलं आणि डायलॉग गेला तेव्हा "झालं रे हे!" म्हणून मोठ्याने ओरडल्या, दुकानातलं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं.

आणि लेबल मराठीत ठेवा की, काही अडत नाही. बटणावर 'जतन करा' लिहा, 'नको' लिहा, आयडी स्टॉकचाच ठेवा, वागणूक तीच राहते. लेबल दिलंच नाही तर टूलकिट स्वतःचं लावतं. 'स्टँडर्ड डायलॉग बटण सायझर' वापरलं तर विंडोज, मॅक, लिनक्स ज्याची जशी पद्धत त्या क्रमाने बटणं लावली जातात, तेही आयडी बघूनच. मॅकवर 'आयडी_एक्झिट', 'आयडी_अबाउट' आणि 'आयडी_प्रेफरन्सेस' दिलेल्या मेनूच्या ओळी आपोआप ॲपच्या मेनूत जाऊन बसतात, काकांचा मुलगा पणजीहून मॅक घेऊन आला तेव्हा मला काहीच बदलावं लागलं नाही.

आता तक्रारी.

'न्यूआयडी' च्या जागी आता 'न्यूआयडीरेफ' आहे. चांगलं आहे, नंबर कोण वापरतंय याची मोजणी ठेवतं, कुणीच वापरत नसेल तर नंबर मोकळा करतं. पण कीबोर्डच्या शॉर्टकटचं टेबल, म्हणजे ॲक्सिलरेटर टेबल, त्यात नुसता आकडा साठतो, ते या मोजणीत धरलं जात नाही. मी फंक्शनच्या आत 'न्यूआयडीरेफ' घेतला, एफ-फोर ला लावला, फंक्शन संपलं, व्हेरिएबल गेलं, टूलकिटला वाटलं नंबर मोकळा झाला, तो पुढेमागे दुसऱ्या कुठल्याही विजेटला मिळू शकतो. आणि हे लगेच दिसत नाही, कारण आधी सगळा पट्टा एकदा फिरून व्हायला लागतो, मगच मोकळे झालेले नंबर परत वाटले जातात. टेस्टिंगमधे कधीच कळणार नाही, आणि मोठ्या सीझनच्या पाचव्या दिवशी कळेल. उपाय साधा आहे, रेफ 'सेल्फ' वर, म्हणजे खिडकीच्या ऑब्जेक्टवरच, ठेवा, खिडकी आहे तोवर तो राहतो. पण ही गोष्ट डॉक्युमेंटेशनमधे ठळक उदाहरण देऊन सांगायला हवी होती.

दुसरी तक्रार डॉक्युमेंटेशनची भाषा. बराचसा मजकूर सी प्लस प्लसच्या मूळ डॉक्युमेंटेशनवरून आलेला आहे, त्यामुळे पायथनवाल्याला कळतच नाही की इव्हेंट टेबल वगैरे आपल्याला लागूच नाही. डिचोलीला माझ्याकडे शिकायला येणारी दोन मुलं आहेत, दोघांनीही पहिल्या आठवड्यात बटणांना १, २, ३ असे नंबर देऊन ठेवले होते, आणि वर सांगितलं तसं विंडोजमधे १ आणि २ हे ओके-कॅन्सलचे आहेत. हाताने द्यायचाच असेल तर 'आयडी_हायेस्ट' अधिक एक, म्हणजे ६,००० पासून पुढे द्या, हे डॉक्युमेंटेशनच्या पहिल्या पानावर असायला पाहिजे.

तिसरी, नावाने शोधणं. विजेटला नंबराऐवजी नाव देता येतं आणि 'फाइंडविंडोबायनेम' ने शोधता येतं, मला हे नंबरापेक्षा खूप वाचनीय वाटतं, कोड सहा महिन्यांनी उघडला तरी कळतं. पण त्या नावाचं काही सापडलं नाही तर हे गप्प बसत नाही, लेबलवरून शोधायला लागतं आणि तसं लेबल असलेलं काहीतरी हातात देतं. मला 'काहीच नाही' हे उत्तर हवं असतं तेव्हा हे नको. म्हणून मी नावं अशी ठेवतो जी लेबल म्हणून कधीच येणार नाहीत.

लिनक्सवाल्यांनो, इन्स्टॉल करताना वेळ काढून बसा. विंडोज आणि मॅकवर पिपने (पायथनचं इन्स्टॉल करायचं साधन) दोन मिनिटांत येतं, लिनक्सवर आपल्या डिस्ट्रोसाठी तयार फाइल वेगळीकडून घेतली नाही तर अख्खं कंपाइल करत बसतं, आणि आमच्याकडे जूनमधे कंपाइल चालू असताना लाइट गेली की परत पहिल्यापासून.

इतर टूलकिटांशी तुलना विचाराल तर, टीके-इंटर मधे नंबर नाहीतच, विजेटचा पत्ता असतो, फ्रेमच्या आतलं बटण असा, स्वच्छ वाटतं, पण डायलॉगमधली एंटर-एस्केपची सोय स्वतः करावी लागते. क्यूट मधे ऑब्जेक्टचं नाव आणि सिग्नल-स्लॉट (बटणाचा सिग्नल थेट फंक्शनला जोडायचा), नंबराची भानगडच नाही, आणि खरं सांगायचं तर नव्याने शिकणाऱ्याला तेच सोपं जातं. पण पायक्यूटचं (क्यूट पायथनमधून वापरायचं साधन) लायसन एकतर जीपीएल, म्हणजे प्रोग्रामचा सोर्स उघडा ठेवा, नाहीतर पैसे भरा, दुकानाला बंद सोर्सचा प्रोग्राम द्यायचा तर हिशेब बदलतो. डब्ल्यूएक्सचं लायसन त्या बाबतीत मोकळं आहे. माझ्यासारखा एकटा माणूस, चार दुकानांची कामं घेऊन बसलेला, त्याला हे फार मोठं आहे.

आयडीच्या बाबतीत मी याला पाचपैकी चार देतो. एक कापला तो 'न्यूआयडीरेफ' आणि डॉक्युमेंटेशन दोघांत मिळून.

जुना कोड हातात आला असेल तर आधी एक काम करा, 'न्यूआयडी' आणि 'आयडी बरोबर' (id=) लिहिलेल्या सगळ्या ओळी शोधून एका कागदावर काढा, प्रत्येकाच्या समोर लिहा की हा नंबर कोण वापरतं, मेनू, बटण की टायमर. माझा कागद दोन पानांचा झाला होता. त्यातले मेनू आणि डायलॉगचे जेवढे ओळखीचे होते ते स्टॉक आयडी केले, बटणं सगळी 'आयडी_एनी' आणि बटणावरच बाइंड, टायमर सुद्धा स्वतःच्याच हँडलरला. उरला फक्त एफ-फोर, वजनकाट्याचं वजन ओढून घ्यायचा शॉर्टकट, तो 'सेल्फ' वर ठेवलेल्या रेफने चालतो. 'माल गेला' बटणाला आता कुठला नंबर आहे मला माहीत नाही, मी बघितलेला पण नाही. या सीझनला काकांनी सहा वेळा गोदामात जाऊन डबे स्वतः मोजले आणि सहाही वेळा स्क्रीनवर तेवढेच होते.